कोणालाच बंद करायचे नाही

प्रिय खारूताई,

मी तुझा बाबा, वाणिज्य शाखेचा पदवीधर, रुग्णवाहिका केंद्राचा प्रशासन अधिकारी, हे पत्र पुढील हेतूने लिहीत आहे : गेल्या मंगळवारी दुपारी आमच्या केंद्रातील मुख्य संगणक ज्या कारणाने बंद पडला ते कारण तुझ्यासमोर क्रमवार मांडावे, आणि महिनाअखेरच्या बैठकीपूर्वी तुझे मत घ्यावे. त्या संध्याकाळी फोनवर मी हे सांगायला घेतलेच होते, परंतु ते अर्धवट राहिले, आणि अर्धवट राहिलेली गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही हे तू लहानपणापासून जाणतेस. तुझी आई समोर भाजी निवडत बसली आहे. ज्या मुलीशी रोज बोलणे होते तिला पत्र कशाला, असे तिने दोनदा विचारले. विषय तांत्रिक आहे, लिहूनच नीट मांडता येईल, असे मी उत्तर दिले. तिने माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा मान खाली घातली. ती फसलेली नाही. याच आठवड्यात विहीणबाईंचा मला फोन आला होता; त्याविषयी यथाक्रम लिहीनच. आधी संगणक.

आमचे केंद्र तू पाहिलेस ते जुन्या इमारतीतले. आता आम्ही नव्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहोत. लांबट हॉल, खिडक्यांना करड्या पट्ट्यांचे पडदे, कानांना हेडफोन लावून बसलेली मुले-मुली आणि समोरच्या भिंतीवर शहराचा मोठा नकाशा, ज्यावर प्रत्येक गाडी हिरव्या ठिपक्यासारखी सरकत असते. हॉलच्या टोकाला काचेच्या खोलीत आमचे सिस्टिम इंजिनिअर बसतात. त्यांना सगळे ‘बघतोसाहेब’ म्हणतात, कारण कोणतीही तक्रार आली की त्यांचे पहिले उत्तर ‘बघतो’ असे असते, आणि ते खरोखर बघतात. त्यांच्या पाठीमागच्या कपाटात तो एकच संगणक सगळा भार उचलतो. आलेल्या फोनची नोंद घेणारा प्रोग्राम त्यावर चालतो, गाड्यांचे ठिपके हलवणारा चालतो, बोलणे ध्वनिमुद्रित करणारा, कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे ते सांगणारा, आणि माझा अहवालाचा. प्रत्येकाला वाटते की हे सगळे यंत्र आपल्या एकट्याच्या मालकीचे आहे. ही समजूत त्यांच्या मनात मुद्दाम जोपासलेली असते, हे मला तुझ्याकडून कळले.

तुला आठवत असेल, सुट्टीत आली होतीस तेव्हा याच टेबलावर आईने धुऊन पालथी घातलेली ताटे उचलून तू मला तुझे काम समजावून सांगितले होतेस. मी तोवर लोकांना एवढेच सांगत असे की मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे, आणि तू म्हणायचीस, बाबा, मी आत अडकल्यासारखं वाटतं हो ऐकताना. तू ताटे एका ओळीत मांडलीस. ही मेमरीची पाने, म्हणालीस. सगळी सारख्या मापाची, आणि संख्या ठरलेली. पाहुणे मात्र ताटांपेक्षा जास्त. येणारा प्रत्येक पाहुणा, म्हणजे प्रत्येक प्रोग्राम, आल्या आल्या भरमसाट जागा मागतो, आणि ऑपरेटिंग सिस्टिम सगळ्यांना हो म्हणते. ताट मात्र लगेच देत नाही. पाहुणा खरोखर घास घ्यायला बसला, म्हणजे त्या जागेवर त्याने पहिल्यांदा काही लिहायला घेतले, की मगच ताट त्याच्यासमोर येते. दोघांना एकच मजकूर वाचायचा असेल तर त्यांना एकच पान दाखवायचे. वर्तमानपत्र दोघांत एक पुरते, पण एकाने शब्दकोडे सोडवायला पेन काढले की त्याला त्या पानाची वेगळी प्रत काढून द्यायची. हा दाखला तू माझ्यावर आणि आईवर बेतला होतास, आणि शेजारच्या खोलीतून आईने, मग घ्या की दोन पेपर, असे ऐकवलेही होते. ज्या ताटाला बराच वेळ कोणी हात लावलेला नाही ते उचलून मागच्या खोलीत, म्हणजे डिस्कवर, नेऊन ठेवायचे आणि ती जागा दुसऱ्याला द्यायची. पहिल्याने मागितले तर धावत जाऊन परत आणायचे, त्यासाठी आणखी कोणाचे तरी मागे न्यायचे. पाहुण्याला यातले काही कळता कामा नये. त्याला वाटले पाहिजे की आपले ताट आपल्या पुढ्यातच होते.

मला ती रचना विलक्षण वाटली आणि थोडी भीतीही वाटली. हाती असल्यापेक्षा अधिक देण्याचे कबूल करणे हे आमच्या शास्त्रात धोक्याचे लक्षण मानतात. म्हणून मी विचारले, की होकार आधी आणि जागा नंतर, हे चालते कसे? तू सहज म्हणालीस, बाबा, सगळे एकदम मागत नाहीत ना. मी विचारले, आणि मागितले तर? तू ताटे गोळा करत होतीस. एवढ्यात तुझा फोन वाजला, ऑफिसमधले कोणी होते, आणि तू तो खांदा आणि कान यांच्यामध्ये धरून, ताटे रॅकमध्ये लावता लावता, मला उत्तर दिलेस : “मग कोणाला तरी बंद करावं लागतं.” त्यानंतर फोनवरच्या माणसाला म्हणालीस, हो, होईल, आजच पाठवते.

आता मंगळवारच्या मुळाशी असलेली चूक. नवा संगणक बसवला तेव्हा बघतोसाहेबांनी बैठकीत सांगितले होते, की मेमरी अगदीच संपली तर सिस्टिम आपल्या हिशेबाने एखादा जड आणि कमी महत्त्वाचा प्रोग्राम निवडून बंद करील आणि बाकीच्यांना वाचवील. तेव्हा ज्याला कोणत्याही परिस्थितीत बंद करायचे नाही असा एखादा प्रोग्राम सांगा, त्यावर तशी खूण करून ठेवतो. एखादा, असेच ते म्हणाले होते. फोनची नोंद घेणारा प्रोग्राम त्यात आला, याला कोणाची हरकत नव्हती. मग गाड्यांचे साहेब म्हणाले, ठिपके गेले तर माझी गाडी कुठे आहे ते मी काय हवेत बघू? मुख्य डॉक्टरबाईंनी खाटांचा प्रोग्राम मागितला. विधी विभागाने ध्वनिमुद्रणाचा मागितला. महिनाअखेरीला माझा अहवाल मधेच तुटू नये म्हणून मीही माझा मागितला. कारण रास्त होते, आजही रास्तच वाटते. शेवटी स्वागतकक्षातल्या पडद्यावर दिवसभर फिरणारी छायाचित्रे राहिली, ज्यात संचालकसाहेब वेगवेगळ्या पाहुण्यांशी हस्तांदोलन करताना दिसतात. ती बंद पडली तर संचालकांना कोण सांगणार, यावर कोणीच बोलेना. बघतोसाहेबांनी सगळ्यांकडे एकदा पाहिले, बघतो म्हणाले, आणि सगळ्यांवर खूण केली.

मंगळवारी सकाळपासूनच यंत्र जड चालले होते. ठिपके थांबत, मग उडी मारून पुढे जात. मुली बटण दाबत आणि वाट पाहत, पुन्हा दाबत. कपाटातला डिस्कचा दिवा एरवी लुकलुकतो, तो त्या दिवशी स्थिर पेटलेला होता. बघतोसाहेब म्हणाले, की पानांची ने-आण चालली आहे; याचे आण, त्याचे ने, की लगेच त्याचेच परत आण. सगळा वेळ वाटेतच जातो आहे, काम काही होत नाही. मी विचारले, म्हणजे यंत्र रिकामे आहे की व्यस्त? ते म्हणाले, साहेब, अतिशय व्यस्त आहे, म्हणून तर काही करत नाही. दुपारी औद्योगिक वसाहतीत वायूचा वास सुटल्याची बातमी पसरली आणि फोनमागून फोन येऊ लागले. ज्यांना ज्यांना जागा कबूल केली होती त्या सर्वांनी ती एकाच वेळी मागितली. आणि सगळे पडदे काळे झाले.

तो क्षण मी विसरू शकत नाही. नकाशा नाही, ठिपके नाहीत, फक्त फोन वाजत आहेत. पाळीच्या प्रमुख बाई खुर्चीवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, चिठ्ठ्या काढा, हाताने लिहा, गाड्यांना तोंडी सांगा. यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत आम्ही तसेच काम केले. कोणी दगावले नाही. एक आजोबा जिन्याच्या पायरीवर छाती धरून बराच वेळ बसून राहिले होते. गाडी पोहोचली तेव्हा ते चालकालाच म्हणाले, सावकाश या हो, घाई नाही. आता त्यांची प्रकृती बरी आहे, मी स्वतः चौकशी केली. सगळे निवळल्यावर मी काचेच्या खोलीत जाऊन बघतोसाहेबांना विचारले, की बंद करायचेच होते तर संगणकाने आमच्यापैकी एखाद्याला का बंद केले नाही? संचालकांची छायाचित्रे का नाही? त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. “साहेब, त्याने सगळ्यांकडे जाऊन पाहिलं. प्रत्येकावर खूण होती. बंद करता येईल असा एकच उरला होता, तो स्वतः.”

त्याच संध्याकाळी नेहमीच्या वेळी तुझा फोन आला, आणि मी तुला हे सांगू लागलो. वाक्य माझ्या डोक्यात ताजे होते. मी ते सांगितले, आणि पलीकडून काहीच आले नाही. मला वाटले, तू विचार करत आहेस. मी बोलतच राहिलो. नंतर एक आवाज झाला, कशावर तरी काही घासल्यासारखा, आणि तू म्हणालीस, नेटवर्क गेलं होतं बाबा, उद्या बोलते. दुसऱ्या दिवशी बोललीस ते आईच्या डोळ्यांच्या थेंबांविषयी, आणि तेच पुन्हा दोनदा विचारलेस. दादाच्या घराच्या कागदांविषयी सुरू केलेले वाक्य पाण्याच्या टाकीवर जाऊन संपवलेस. माझ्या ऑफिसच्या संगणकाची एक अडचण तू मागच्या महिन्यात सोडवून दिली होतीस, ती सोडवली आहेस हेच तू विसरली होतीस आणि पुन्हा सोडवायला बसलीस. मी त्या वेळी काही म्हटले नाही. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तो स्थिर पेटलेला दिवा आला.

तुझी चौथीची सहल आठवते का? तू तीन मैत्रिणींना, प्रत्येकीला वेगवेगळे गाठून, बसमध्ये तुझ्याच शेजारी बसेन असे कबूल केले होतेस. नाही म्हणणे तुला जमले नव्हते. मग धरणापर्यंत जाताना आणि येताना तू सारखी जागा बदलत राहिलीस. एकीजवळ बसावे, की दुसरी रुसे, की उठावे. परत आलीस तेव्हा पाय सुजले होते. धरण कसे होते, असे मी विचारले तर म्हणालीस, मी नाही पाहिलं, पण कोणीच रागावलं नाही. आणि ते तू इतक्या आनंदाने सांगितलेस की आम्ही दोघे हसलो. तुझ्या घराचा विचार करताना मला आता ती बस दिसते. जावईबापू प्रकल्पावर, पंधरवड्यातून एकदा घरी. त्यांच्या आईच्या गुडघ्याचे व्यायाम, त्यासाठी त्यांना तूच गाडीने नेऊन आणतेस. ऑफिसमध्ये दोन माणसे सोडून गेली, त्यांचे काम तुझ्याकडे. दादाचे कागद. आईचे डोळे. आणि मी. प्रत्येकाला वाटते की तू त्याच्या एकट्यासाठी आहेस, आणि ही समजूत तू जिवापाड जोपासतेस. आमच्यातल्या प्रत्येकाचे कारण रास्त आहे. प्रत्येकावर खूण आहे.

विहीणबाईंनी गुरुवारी मला फोन केला. तुझ्या लग्नापासून आजवर त्यांनी मला आपणहून कधी फोन केलेला नाही, हे लक्षात घे. त्यांनी प्रकृती विचारली, हवा विचारली, आणि मग एकदम म्हणाल्या, की तुमच्या लेकीला आता तुम्हीच सांगा. माझं ती ऐकते हो, पण ऐकून घेतल्यावर आणखी एक काम अंगावर घेते. मी त्यांना म्हणालो, की मी बोलतो, रोजच बोलतो. तुम्ही फोनवर बोलूच नका, म्हणाल्या. मग त्यांनी मला जे सांगितले ते कोणालाही न सांगण्याचे त्यांनी तुला शपथेवर कबूल केले होते. शपथ मोडल्याबद्दल त्यांच्यावर रागावू नकोस. त्या सांगताना रडत होत्या.

तेव्हा पहिल्या परिच्छेदात लिहिलेला हेतू खरा असला तरी पुरता नाही. मंगळवारी संध्याकाळी व्यायामाहून परतताना त्या गाडीत मागच्या सीटवर होत्या. तू घरी सांगितलेस तशी गाडी पार्किंगच्या खांबाला घासली नाही. ती भर रस्त्यात दुभाजकाला घासत गेली आणि आरसा तुटला. “तुमचा आवाज गाडीत चालूच होता,” त्या मला म्हणाल्या, “आणि ती झोपली होती.” मी तुला बंद पडलेल्या यंत्राची गोष्ट सांगत होतो, खारूताई. दिवसभरात बाबांशी बोलायला तुझ्याकडे तेवढीच वेळ उरली होती, घरी परतण्याच्या रस्त्यावरची, आणि ती मी रोज घेत होतो. म्हणून हे पत्र. पत्र पेटीत पडून राहते, तू बसेपर्यंत थांबते. पुढच्या बैठकीत मी माझ्या अहवालावरची खूण काढायला सांगणार आहे आणि संचालकांच्या छायाचित्रांचेही मीच बोलणार आहे. तुझ्याकडचे काय काढायचे हे ठरवण्याचा अधिकार मला नाही, परंतु माझे मला काढता येते. ऑफिसच्या संगणकासाठी मी आता बघतोसाहेबांना विचारीन. आईचे थेंब मी पाहतो. पत्र पेटीत टाकून आलो की तिला सगळे सांगणार आहे, तिला ते आधीच कळले आहे असे मला वाटते. दादाशी मी बोललो. तो आधी चिडला, मग त्याचे कागद त्याने स्वतः मागून घेतले. विहीणबाई व्यायामाला भाड्याच्या गाडीने जाणार आहेत, हे त्यांनी आणि मी मिळून ठरवले आहे, तुला विचारलेले नाही. तू डॉक्टरांना दाखव, आणि काय म्हणाले ते जावईबापूंना खरे सांग. मला तुझे तांत्रिक मत हवे होते ते एवढ्याच एका प्रश्नावर : जिथे सगळ्यांवर खूण आहे तिथे ती आधी कोणावर असायला हवी होती? उत्तर मला पाठवू नकोस, तसे कर. आणि आजपासून गाडीतून फोन करू नकोस. केलास, तर मी उचलणार नाही. वाजून वाजून तो थांबेल. बाबांना काही झाले असे वाटून घाबरू नकोस. मी शेजारच्याच खुर्चीवर, दोन्ही हात मांडीवर धरून बसलेलो असेन. घरी पोहोच. चपला काढ, पाणी पी, थोडी आडवी हो. झोप लागली तर झोप. मी जागा आहे.

तुझाच,
बाबा

स्थळ : घरचे जेवणाचे टेबल
दिनांक : १४ ऑक्टोबर, रविवार